लाळग्रंथीची सौम्य गाठ : लक्षणे आणि ओळख

लाळग्रंथीत होणारी, कर्करोग नसलेली व सावकाश वाढणारी गाठ. लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन : कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. ओठ, टाळू आणि गालाच्या आतल्या अस्तरात शेकडो छोट्या ग्रंथीही असतात. बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि तिथल्या सुमारे ८० टक्के सौम्य निघतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी कर्करोगाची शक्यता जास्त. म्हणून टाळूवरची बारीकशी गाठही दाखवून घ्यावी.

सर्वाधिक आढळते ती प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. दाढी करताना किंवा तोंड धुताना ती अचानक हाताला लागते : कानाच्या पाळीखाली, न दुखणारी, घट्ट, बोटाखाली सरकणारी. मोठी झाली की पाळी वर उचलली जाते. दुखत नाही म्हणून माणसे वर्षानुवर्षे ती अंगावर काढतात, आणि खरा धोका इथेच आहे. दुसऱ्या क्रमांकाची वॉर्थिन गाठ बहुधा उतारवयात, धूम्रपान करणाऱ्यांना होते. ती जरा मऊ असते आणि कधीकधी दोन्ही बाजूंना येते. पॅरोटिडच्या खोल भागातली गाठ बाहेरून दिसतच नाही. घशात टॉन्सिलजवळचा भाग आत ढकललेला दिसतो, गिळताना अडखळते.

जेवायला बसताच सूज येऊन दुखत असेल आणि नंतर ती उतरत असेल, तर बहुधा लाळेच्या नळीतला खडा असतो. गालगुंडात ताप असतो आणि सूज काही दिवसांत ओसरते.

चेहऱ्याची नस पॅरोटिडमधूनच जाते. सौम्य गाठ कितीही मोठी झाली तरी सहसा ती नस निकामी करत नाही. त्यामुळे डोळा पूर्ण मिटत नसेल किंवा ओठाचा कोपरा ओघळला असेल, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. गाठ झपाट्याने वाढणे, सतत दुखणे, कातडीला चिकटणे, मानेत आणखी गाठी येणे हीही तशीच चिन्हे. अशा वेळी थांबू नये.

निदानासाठी सोनोग्राफी आणि सुईने पेशी काढून तपासणी करतात; गाठ खोल असल्यास एमआरआय. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा नुसती खरवडून काढली तर मागे राहिलेल्या पेशींतून पुन्हा उगवते, म्हणून ती भोवतालच्या ग्रंथीच्या भागासह, नस जपून काढतात. तशीच राहू दिली तर काही जणांत अनेक वर्षांनी तिचे रूपांतर कर्करोगात होते.