पंख्यावर तारे आले कुठून?

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. पुढे खाडीपलीकडे रबाळे, महापे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. त्या काळी तिथल्या कारखान्यांत विजेच्या मोटारीकडून अपेक्षा मोजक्याच असत: चालली पाहिजे, तापता कामा नये, स्वस्त पडली पाहिजे. वीज किती खाते, हे कायदा विचारत नव्हता.

तो प्रश्न २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने विचारला. २००२मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, आली आणि २००६मध्ये स्टार लेबल (जितके तारे जास्त, तितकी वीज कमी लागते, हे सांगणारं) सुरू झालं, तेही ऐच्छिक. २०१०पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मरवर ते सक्तीचं झालं. छताचा पंखा मात्र ऐच्छिक यादीतच राहिला. आपल्याकडच्या दमट हवेत एसी परवडो न परवडो, पंखा दिवसरात्र फिरतो. त्याला सक्तीसाठी १ जानेवारी २०२३पर्यंत थांबावं लागलं, हा उशीर मला आजही खटकतो.

नियमाचा हिशोब सोपा आहे. मिनिटाला किती घनमीटर वारा मिळतो, त्याला वॅटने भागायचं. २०२३च्या नियमानुसार १२०० मिलीमीटर व्यासाच्या पंख्याने मिनिटाला किमान २१० घनमीटर वारा द्यायलाच हवा, आणि एका ताऱ्यासाठी भागाकार निदान ४, पाच ताऱ्यांसाठी निदान ६ यायला हवा. म्हणजे तेवढाच वारा देणाऱ्या पंख्याला ५२ वॅटच्या आसपास थांबावं लागतं, पाच ताऱ्यांसाठी ३५ वॅटवर. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घ्यायचा. नुसतं मोटारीतलं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, सुधारून एवढी घट होत नाही. म्हणून रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, कायमचे चुंबक असलेली बीएलडीसी (ब्रशविना चालणारी डीसी) मोटार आली, तिच्यासोबत तिला चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, म्हणजे ड्राइव्ह, आलं, भिंतीवरच्या रेग्युलेटरची गरज संपली. पात्याचा कोनही नव्याने बघावा लागला, कारण वॅट वाचवताना वारा घटला तर भागाकार जागच्या जागीच राहतो.

शिवाय कोणत्या आकड्याला किती तारे, हा तक्ता कायम नसतो. एसीसाठी आयएसईईआर हा आकडा बघतात, म्हणजे वर्षभरात खाल्लेल्या विजेच्या मानाने तो किती थंडावा देतो. ४.५ आयएसईईआरच्या स्प्लिट एसीला २०१८च्या तक्त्यात पाच तारे होते. जुलै २०२२मध्ये पाच ताऱ्यांची अट ५ झाली आणि तोच एसी चारवर आला. त्यामुळे आजच्या अटीला जेमतेम पुरेल असं डिझाइन करणं मला धोक्याचं वाटतं. तक्ता बदलला की ड्रॉइंगपासून पुन्हा सुरुवात, आणि साचे-डाय बदलण्याचा खर्च लहान कारखान्याला सर्वांत जड जातो.