पार्श्वभूमी : तीस दिवस आधी, तीस दिवस नंतर

जानेवारी 2025 मध्ये, ऑस्ट्रेलियातली कसोटी मालिका 1-3 अशी गमावल्यावर भारतीय क्रिकेट मंडळाने खेळाडूंसाठी दहा कलमी नियमावली काढली. दौरा किंवा मालिका सुरू असताना वैयक्तिक जाहिरातींचे चित्रीकरण करायचे नाही, हे त्यातले एक कलम. चर्चा झाली ती बायका-मुलांनी दौऱ्यावर किती दिवस राहावे याची. जाहिरातींचे कलम वाचून जुन्या क्रिकेटवाल्यांना 2002 आठवले असेल.

जाहिरात करणारा क्रिकेटपटू तसा जुनाच. साठच्या दशकात मुंबईचा यष्टिरक्षक केसांच्या क्रीमसाठी झळकला, ऐंशीच्या दशकात विश्वविजेता कर्णधार दाढीच्या क्रीमसाठी. ती वरकड कमाई होती. 1995 मध्ये मुंबईच्याच एका फलंदाजाने आपले सगळे जाहिरात-व्यवहार एका कंपनीकडे सोपवले, पाच वर्षांसाठी, सुमारे 30 कोटी रुपयांना. आकडा ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले. पुढच्याच वर्षी उपखंडात विश्वचषक झाला. एका शीतपेय कंपनीने अधिकृत पेयाचा मान विकत घेतला. प्रतिस्पर्धी कंपनीने थेट खेळाडूंनाच जाहिरातीत घेऊन त्या ‘अधिकृत’पणाची यथेच्छ टिंगल केली. लोकांच्या लक्षात राहिली ती टिंगलच. आयोजकांनी धसका घेतला तो तिथे.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय संघटनेने 2007 पर्यंतच्या स्पर्धांचे व्यापारी हक्क 55 कोटी डॉलरना विकले, तेव्हा खरेदीदाराला एक हमीही दिली. स्पर्धेच्या 30 दिवस आधीपासून 30 दिवस नंतरपर्यंत कोणताही खेळाडू अधिकृत प्रायोजकांच्या स्पर्धकांची जाहिरात करणार नाही. भारतीय मंडळाने या अटी मान्य केल्या. ज्यांचे चेहरे गहाण पडत होते त्यांना कुणी विचारले नाही. 2002 च्या उन्हाळ्यात संघ इंग्लंडमध्ये कसोटी खेळत असताना कोलंबोतल्या चॅम्पियन्स ट्रॉफी स्पर्धेचे करारनामे पुढे आले आणि भडका उडाला.

अधिकृत प्रायोजकांत शीतपेय, मोटारसायकल आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या होत्या. भारतीय खेळाडूंचे करार नेमके या वस्तूंच्या दुसऱ्या कंपन्यांशी होते. भर म्हणजे एक विमान कंपनी अधिकृत प्रायोजक होती आणि भारताच्या जर्सीवर नाव होते ते विमानसेवा चालवणाऱ्या दुसऱ्याच समूहाचे. सही करावी तर आपला जुना करार मोडतो, न करावी तर स्पर्धा हुकते. कोलंबोला दुय्यम संघ पाठवण्याची भाषाही मंडळाने करून पाहिली. वरिष्ठ खेळाडू फुटले नाहीत. त्यांना तेव्हा हावरट म्हटले गेले; देशापेक्षा पैसा मोठा झाला, असे अग्रलेखी सूरही निघाले. पण मंडळाने खेळाडूंना वार्षिक मानधनाचे करार द्यायला तोवर सुरुवातही केली नव्हती, ही गोष्ट त्या सुरात बुडून गेली. दुसऱ्याने विकलेल्या मालाची किंमत आपण का भरायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

तात्पुरती तडजोड झाली, पूर्ण ताकदीचा संघ कोलंबोला गेला आणि पावसामुळे अंतिम सामना दोनदा वाहून गेल्यावर यजमानांसह संयुक्त विजेता ठरला. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाआधी तोच तमाशा पुन्हा. भारत अंतिम फेरीत पोहोचला तरी आंतरराष्ट्रीय संघटनेने भारताच्या वाट्याचे पैसे अडकवून ठेवले. गंमत म्हणजे 2003 मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात याच आयोजकांनी, तिकिटांची बक्षिसे लावणाऱ्या एका कंपनीविरुद्ध, स्पर्धेलाही प्रसिद्धीचा हक्क, म्हणजे आपल्या नावाचा व्यापारी वापर ठरवण्याचा हक्क, असतो असा दावा केला. न्यायालयाने तो फेटाळला. असा हक्क माणसाचा असतो, स्पर्धेचा नव्हे.

मंडळाची हौस तरी फिटली नाही. 2007 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकातून संघ पहिल्याच फेरीत परतल्यावर एका खेळाडूला तीनच जाहिराती, असा फतवा निघाला; पुढे तो गुंडाळला गेला. वर्षभरात त्याच मंडळाने आयपीएलसाठी खेळाडूंचा जाहीर लिलाव मांडला. आपापल्या शहराचा चेहरा म्हणून निवडलेल्या मोजक्यांना संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा 15 टक्के जास्त, असा नियमच केला. म्हणजे चेहऱ्याचे मोल कळत होते. भाव कुणी लावायचा एवढाच वाद.

मोबाइल आल्यावर मंडळ आणि प्रायोजक यांच्या पलीकडचे वाटेकरी आले. 2021 मध्ये टोकियोत बॅडमिंटनचे कांस्य मिळताच परवानगीशिवाय अभिनंदनाच्या जाहिराती करणाऱ्या कंपन्यांना खेळाडूच्या प्रतिनिधींनी कायद्याचा बडगा दाखवला. 2023 मध्ये खेळाडूंच्या डिजिटल कार्डांच्या खटल्यात दिल्लीच्याच न्यायालयाने उलट बाजूला झुकून सांगितले, की सर्वांना उपलब्ध असलेले नाव आणि आकडेवारी ऑनलाइन खेळात वापरायला खेळाडूची परवानगी लागत नाही. त्याच वर्षी भारताच्या रांचीकर माजी कर्णधाराने स्वतःच्या टोपणनावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. 2025 मध्ये नोंदणी कार्यालयाने तो स्वीकारून हरकतींसाठी प्रसिद्ध केला.