फटीतली भिंत

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात रस्त्याकडेला माठांच्या राशी लागतात. घासाघीस झाली की विकणारी बाई स्वतःच म्हणते, "वाजवून घ्या ना भाऊ, नंतर म्हणाल फुटका देला." बोटाच्या पेराने ठोकायचं. टण्ण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा.

नागपूरच्याच मिहान या औद्योगिक क्षेत्रात बोइंग 787 विमानासाठी कार्बन-फायबरच्या तुळया बनल्या आहेत. या विमानाच्या वजनात साधारण निम्मा वाटा अशा थरांच्या पदार्थांचा. एकेक थर जेमतेम 0.2 मिलिमीटरचा, राळेने एकमेकांना चिकटवलेला. वरून पाना पडला तर बाहेर ओरखडाही दिसणार नाही, पण आत थर सुटलेले असू शकतात. इथेही नाणं ठोकून पाहतात, अगदी माठासारखं. पण ठोकण्यातून कळतो तो वरवरचा आणि मोठा दोष. खोलवरच्यासाठी श्राव्यातीत (अल्ट्रासोनिक) ध्वनी लागतो, म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वरचा. या कामात तो बहुधा काही दशलक्ष हर्ट्झचा असतो.

"घट्ट वस्तूत आवाज शिरेलच कसा?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. गंमत अशी की या ध्वनीला घट्ट पदार्थ म्हणजे मोकळा रस्ता आणि हवा म्हणजे भिंत! पदार्थाची घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग, हा आकडा दोन पदार्थांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना जितका वेगळा तितकी लाट जास्त परतते. कार्बन-फायबर आणि हवा यांच्या आकड्यांत दहा हजार पटींहून जास्त फरक आहे. म्हणून केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढी फट असली तरी जवळजवळ सगळी लाट मागे फिरते. सोनोग्राफीत पोटाला गार जेल लावतात तेही याचसाठी, प्रोब (ध्वनी सोडणारा-टिपणारा ठोकळा) आणि कातडी यांच्यामधली हवा घालवायला.

आता घड्याळ लावा. थरांना काटकोनात हा ध्वनी एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे 3 मिलिमीटर जातो. पट्टी 6 मिलिमीटर जाडीची असेल तर जाऊन-येऊन 12 मिलिमीटर, म्हणजे तळाचा प्रतिध्वनी 4 मायक्रोसेकंदांनी यायला हवा. पडद्यावर प्रत्येक प्रतिध्वनीचं एक टोक उठतं; मध्येच 1 मायक्रोसेकंदाला टोक उठलं आणि तळाचं टोक बसलं, तर दीड मिलिमीटरवर थर सुटलेत. त्यातही हवेवरून परतलेली लाट उलटी होऊन येते, आत राहिलेल्या पोलादी कणावरून आलेली सुलटी. अडचण अशी की 5 दशलक्ष हर्ट्झला तरंगलांबी 0.6 मिलिमीटर, म्हणजे तीन थरांएवढी. प्रत्येक थराचे बारीक प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून पडद्यावर गवत उगवतं, आणि त्या गवतातून खरं टोक ओळखायला सरावलेली नजर लागते.

जाता जाता, "अल्ट्रासोनिक" या शब्दाची जादू सीताबर्डीच्या फूटपाथवरही चालते. प्लगमध्ये लावा, डास पळतील! चाचण्यांमध्ये ही यंत्रं पुन्हापुन्हा फोल ठरली आहेत. डासांना फरक पडत नाही, खिशाला पडतो.

विमानवाल्यांना खरी धास्ती मात्र वेगळ्याच दोषाची. दोन थर एकमेकांना घट्ट टेकलेले, पण चिकटलेलेच नाहीत. फट नाही म्हणजे हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे प्रतिध्वनीही नाही. लाट निमूट पार होते आणि पडद्यावर तुकडा धडधाकट दिसतो. म्हणूनच चिकटवण्याआधी पृष्ठभाग पुसणाऱ्याने, हाताचा तेलकटपणा लागू नये म्हणून, हातमोजे घातले होते की नाही, याचीही नोंद ठेवावी लागते.