सूक्ष्मजीवशास्त्र : इतिहास आणि पाया

सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचा अभ्यास. जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या शाखेचे जीव), यीस्ट आणि बुरशी, आदिजीव, सूक्ष्म शैवले हे सगळे त्यात येतात. विषाणू स्वतंत्रपणे वाढू शकत नाहीत, तरी त्यांचा अभ्यासही याच शास्त्रात होतो. या मंडळींचे आपसातले नाते तसे लांबचेच आहे. वंशावळीत यीस्ट जीवाणूंपेक्षा माणसाला अधिक जवळचे आहे. त्यांना एका छताखाली आणले ते त्यांच्या आकाराने आणि त्या आकारापायी कराव्या लागणाऱ्या हातकामाने. भिंगातून पाहणे, उष्णतेने निर्जंतुक करणे, गर्दीतून एकाला वेगळे काढणे आणि त्याला वाढवणे, ही ती कामे. म्हणून या शास्त्राचा इतिहास सिद्धांतांचा जितका आहे, तितकाच काच, तार, चंबू आणि गाळणी यांचाही आहे.

आकाराची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पुरेसे आहे. आतड्यात राहणारा एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो. एका मिलिमीटरवर असे ५०० जीवाणू ओळीने मावतील. अनुकूल परिस्थितीत तो दर २० मिनिटांनी दुभंगतो. या वेगाने एकाचे सात तासांत २० लाखांहून अधिक होतात.

पहिले दर्शन

इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुरशीच्या बीजाणू धरणाऱ्या देठांचे चित्र प्रसिद्ध केले. जीवाणूंपर्यंत मात्र पहिल्यांदा पोचले ते डेल्फ्ट या डच शहरातले कापडाचे व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक (१६३२–१७२३). त्यांचे विद्यापीठात शिक्षण झाले नव्हते, त्यांना लॅटिन येत नव्हते. पण भिंग घासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचा सूक्ष्मदर्शक बोटाएवढा होता. पितळेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये टाचणीच्या डोक्यासारखे एकच इवलेसे भिंग, मागे एक टोकदार सुई आणि तिला पुढेमागे, वरखाली सरकवणारे स्क्रू. नमुना सुईच्या टोकावर ठेवायचा आणि उपकरण डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरायचे. आज शिल्लक असलेल्या त्यांच्या भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

मिरी तिखट का लागते हे शोधण्यासाठी १६७६ मध्ये त्यांनी ती पाण्यात भिजत घातली. काही दिवसांनी त्या पाण्यात इतके बारीक जीव हलताना दिसले की लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांच्या पत्रावर विश्वास बसेना. १६७७ मध्ये हूक यांनी प्रयोग पुन्हा करून सदस्यांना ते जीव दाखवले. १६८३ च्या पत्रात लेव्हेनहुक यांनी आपल्याच दातांच्या फटींतला पांढरा मळ पाण्यात कालवून पाहिल्याचे लिहिले. सरळ काड्या, नागमोडी काड्या, भिंगरीसारखे गरगर फिरणारे जीव, असे वेगवेगळे आकार त्यांनी रेखाटले आणि त्यांची चालही नोंदवली. ही चित्रे आजही ओळखता येतात.

आपली सर्वोत्तम भिंगे आणि पाहण्याची रीत त्यांनी कोणाला दाखवली नाही. त्यामुळे त्यांच्यामागे जीवाणू पाहण्याचे काम जवळजवळ थांबले. एकोणिसाव्या शतकात रंगांच्या कडा न उमटवणारी संयुक्त भिंगे आली, तेव्हा कुठे ते पुन्हा सुरू झाले.

चंबूतला वाद

दरम्यान एक जुना प्रश्न उभाच होता : हे जीव येतात कुठून? सडणाऱ्या पदार्थातून ते आपोआप उपजतात, असा समज खोल रुजला होता. फ्रान्सेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये मांसाच्या भांड्यावर जाळीदार कापड बांधून दाखवले की माशी पोचली नाही तर अळ्या होत नाहीत. अळ्यांचा प्रश्न मिटला, सूक्ष्मजीवांचा राहिला. अठराव्या शतकात जॉन नीडहॅम यांच्या उकळून बंद केलेल्या मांसरसात जीव आढळले. लाझ्झारो स्पालान्झानी यांनी रस अधिक वेळ उकळला आणि भांड्याचे तोंड वितळवून बंद केले, तेव्हा ते आढळले नाहीत. यावर आक्षेप आला की बंद भांड्यातली हवाच बिघडली.

लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास या आक्षेपाला उत्तर दिले ते हवा आत येऊ देऊन. चंबूत यीस्टचा अर्क आणि साखर घालून त्यांनी त्याची मान ज्योतीवर मऊ केली आणि ओढून हंसाच्या मानेसारखी बारीक, वळणदार केली. मग द्रव उकळला. मान उघडीच होती, हवा मोकळेपणी आत जात होती. पण तिच्यासोबतची धूळ आणि धुळीवरचे जीव वळणातल्या ओलसर काचेला चिकटून राहत. द्रव महिनोन्‌महिने नितळ राहिला. मान मोडली किंवा चंबू तिरपा करून द्रव वळणापर्यंत नेला की काही दिवसांतच तो गढूळ होई.

पाश्चर यांचे विरोधक फेलिक्स पूशे यांना पुष्कळदा नुसते हट्टी ठरवले जाते. ते मला अन्यायाचे वाटते. पूशे सुक्या गवताचा काढा वापरत आणि तो उकळूनही त्यात जीव वाढत. त्यांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला होता. फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये गवतावरचा बॅसिलस जीवाणू उकळत्या पाण्यातही तगणारे बीजाणू तयार करतो हे दाखवले, आणि १८७७ मध्ये जॉन टिंडल यांनी त्यावर उपाय दिला : एकदाच उकळण्याऐवजी थांबून थांबून पुन्हा पुन्हा तापवायचे. मधल्या काळात बीजाणू रुजतात आणि रुजलेला जीवाणू पुढच्या तापवण्यात मरतो. प्रयोगशाळांत आजही ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअस तापमान गाठतात, ते या बीजाणूंसाठीच.

आंबण्याची क्रिया हा याच वादाचा दुसरा पदर. यीस्ट सजीव आहे हे थिओडोर श्वान आणि शार्ल कान्यार-लातूर यांनी १८३७ मध्येच सांगितले होते. पाश्चर यांनी १८५७ पासून पुढे दाखवले की दूध आंबणे, साखरेचे मद्य होणे, लोण्याला खवट वास देणारे आम्ल बनणे, या प्रत्येकामागे वेगळा जीव असतो आणि त्यांतल्या काहींना ऑक्सिजन चालतच नाही. एका क्रियेमागे एक विशिष्ट जीव, ही कल्पना मग रोगांकडे वळणे ओघानेच आले.

एकाला वेगळे काढणे

रोग जंतूंमुळे होतात हा विचार पुराव्याच्या आधीपासून घुटमळत होता. रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये सिद्ध केले. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्यांच्या प्रसूतिकक्षातले मातामृत्यूंचे प्रमाण एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर होते, ते जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. प्रेतांवरचे कण हातांवरून जातात असे त्यांचे म्हणणे होते, पण त्यामागचे जंतू त्यांना ठाऊक नव्हते आणि बहुतेक सहकाऱ्यांनी ऐकले नाही. पाश्चर यांचे काम वाचलेल्या जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेतील कार्बोलिक आम्लाचे अनुभव प्रसिद्ध केले, तोवर वीस वर्षे गेली होती.

पुरावा उभा केला तो रॉबर्ट कॉख या जिल्हा डॉक्टराने. वोलस्टाइन या लहान गावात रुग्ण तपासता तपासता त्यांनी काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सचा जीवाणू बैलाच्या डोळ्यातील द्रवाच्या थेंबात वाढवला. त्याच्या काड्यांचे लांब धागे होताना, धाग्यांत बीजाणू बनताना आणि बीजाणूंतून पुन्हा काड्या निघताना त्यांनी तासन्‌तास पाहिले. १८७६ मध्ये त्यांनी हे कोन यांना प्रत्यक्ष दाखवले.

पुढची अडचण गर्दीची होती. द्रवात अनेक जीवाणू एकत्र पोहतात. रोग कोणामुळे झाला हे कसे ठरवणार? उकडलेल्या बटाट्याच्या कापावर कॉख यांना वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवलेले दिसले, आणि प्रत्येक ठिपक्यात एकाच जातीचे जीवाणू निघाले. घट्ट पृष्ठभागावर पडलेला जीवाणू जागा सोडू शकत नाही. त्याची पिलावळ त्याच्याभोवतीच साठून वसाहत बनते. माझ्या मते या शास्त्रातला सर्वांत निर्णायक क्षण हाच. १८८१ मध्ये कॉख यांनी जिलेटिनने घट्ट केलेले माध्यम, म्हणजे जीवाणूंना वाढवणारे खाद्य, दाखवले. पण ३७ अंशांच्या उबेत जिलेटिन वितळते आणि काही जीवाणू ते पचवूनही टाकतात. तोडगा सुचवला फॅनी हेस यांनी. त्या कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी आणि त्यांच्या चित्रकार. जेली घट्ट करायला त्या समुद्रशैवलातले आगर वापरत. आगर उकळीच्या जवळपास वितळते आणि ४० अंशांच्या आसपास घट्ट होते; फारच थोडे जीवाणू ते पचवू शकतात. कॉख यांनी १८८२ च्या निबंधात आगराचा ओझरता उल्लेख केला, हेस यांचे नाव घेतले नाही. १८८७ मध्ये रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ काचतबकडी आणली.

हे काम आजही विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतात. टोकाला वेटोळे केलेली तार ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची, निवू द्यायची, नमुन्यात बुडवून आगरावर नागमोडी रेघ ओढायची. तार पुन्हा भाजायची, तबकडी वळवायची आणि पहिल्या रेघेच्या शेवटाला छेदून दुसरी ओढायची. मग तिसरी, चौथी. दर वेळी जीवाणू विरळ होत जातात. रात्रभर उबवल्यावर पहिली रेघ सायीसारखी दाट दिसते आणि शेवटच्या रेघेवर सुटे, गोल, चकचकीत ठिपके मिळतात. असा एक ठिपका म्हणजे शुद्ध संवर्धन, एकाच जातीच्या जीवाणूंची वाढ.

याच हत्यारांच्या बळावर कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू जाहीर केला. तो इतका सावकाश वाढतो की त्याच्या वसाहती दिसायला आठवडे लागतात. घाई करणाऱ्याने संवर्धन रिकामे समजून टाकून दिले असते. १८८४ मध्ये हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी जीवाणूंना जांभळा रंग आणि आयोडीन देऊन अल्कोहोलने धुण्याची रीत काढली. जाड भित्तीचे जीवाणू रंग धरून ठेवतात, पातळ भित्तीचे सोडून देतात. ही विभागणी आजही निदानाची पहिली पायरी आहे.

कॉख यांच्या कसोट्या प्रसिद्ध आहेत : जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा, शुद्ध संवर्धनात वाढावा, निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच रोग व्हावा आणि त्या प्राण्यातून तो पुन्हा मिळावा. त्यांच्या मर्यादा स्वतः कॉख यांनाच पटकीने (कॉलराने) दाखवल्या. १८८४ मध्ये कोलकात्यात त्यांनी पटकीचा जीवाणू शुद्ध रूपात वाढवला, पण प्रयोगातल्या प्राण्यांना पटकी होईना. शंभुनाथ डे यांनी कोलकात्यातच सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जीवाणू सोडले आणि १९५९ मध्ये दाखवले की तो जीवाणू बाहेर टाकत असलेले विष आतड्यात पाणी ओढते. दोन शोधांमध्ये ७५ वर्षांचे अंतर आहे.

मातीतले शास्त्र

रोगांच्या कहाण्यांमुळे या शास्त्राची दुसरी बाजू झाकली जाते, आणि ती तितकीच पायाभूत आहे. सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८८७ मध्ये गंधकाच्या झऱ्यांतला बेगियाटोआ अभ्यासला. हा जीवाणू ऊर्जेसाठी सेंद्रिय अन्नावर अवलंबून नसतो. हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून ती मिळवतो. उजेडावाचून, दगडमातीतल्या रसायनांवर जगता येते, ही गोष्ट तोवर कोणी गृहीत धरली नव्हती. पाठोपाठ त्यांनी मातीतील अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू शोधले.

मार्टिनस बायेरिंक यांनी १८८८ मध्ये शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींतून हवेतला नायट्रोजन बांधणारे जीवाणू वेगळे केले. त्यांचे काम डेल्फ्टमध्येच, लेव्हेनहुक यांच्या गावात, चालले. हवा तो जीवाणू शोधत बसण्याऐवजी त्याच्याच आवडीची परिस्थिती मांडायची आणि बाकीच्यांना मागे पडू द्यायचे, ही समृद्ध संवर्धनाची रीत विनोग्राद्स्की आणि बायेरिंक या दोघांची देणगी आहे.

गाळणीतून निसटलेले

शार्ल शांबरलां यांनी १८८४ मध्ये जीवाणू अडवणारी चिनीमातीची गाळणी तयार केली. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा रस १८९२ मध्ये द्मित्री इवानोव्स्की यांनी तिच्यातून गाळला. गाळलेला रसही रोग पसरवत होता. गाळणीत दोष असेल किंवा रसात विष असेल असे त्यांना वाटले. बायेरिंक यांनी १८९८ मध्ये पुढचे पाऊल टाकले : हा घटक आगरातून झिरपतो आणि फक्त वाढत्या वनस्पतिपेशींतच वाढतो, म्हणजे तो वेगळ्याच प्रकारचा आहे. त्याच वर्षी गुरांच्या लाळ्या-खुरकुतीबाबत लोफ्लर आणि फ्रॉश यांनाही तसेच आढळले. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या या विषाणूचे स्फटिक मिळवले आणि १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काड्या दिसल्या. पाश्चर यांनी रेबीजची लस १८८५ मध्ये माणसाला दिली, तेव्हा त्या रोगाचा घटक त्यांना दिसलाही नव्हता आणि तबकडीवर वाढवताही आला नव्हता.

विसाव्या शतकात सूक्ष्मजीव हे आनुवंशिकतेचेही साधन झाले. ऑस्वल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये न्यूमोनियाच्या जीवाणूंवरून दाखवले की गुणधर्म डीएनएमधून जातात. पेनिसिलिन १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशी पडलेल्या तबकडीवर दिसले, म्हणजे त्यामागेही आगरच होते.

तबकडीवर न येणारे

माती किंवा समुद्राचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजला आणि मग आगरावर पसरला, तर मोजलेल्या जीवाणूंपैकी साधारणपणे एक टक्काही वसाहती उगवत नाहीत. शुद्ध संवर्धनाने जे जग दाखवले त्याच्या बाहेर फार मोठे जग राहिले होते. कार्ल वूज यांनी वाढवण्याऐवजी वाचण्याचा मार्ग धरला. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून १९७७ मध्ये जॉर्ज फॉक्स यांच्यासह त्यांनी सांगितले की मिथेन तयार करणारे काही 'जीवाणू' हे जीवाणू नव्हेतच. आर्किया ही सजीवांची तिसरी शाखा मांडली गेली, आणि ती मान्य व्हायला बराच काळ लागला. पुढे मातीतून, पाण्यातून थेट डीएनए काढून वाचता येऊ लागला आणि कधीही न वाढवलेल्या जीवांची नोंद होऊ लागली.

तरी वाढवण्याची ओढ संपली नाही. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये जपानजवळच्या समुद्रातील नानकाई गर्तेत सुमारे २,५०० मीटर खोलीवरून समुद्रतळाचा गाळ आणला, मिथेनवर चालणाऱ्या उपकरणात तो २,००० हून अधिक दिवस ठेवला, मग त्याचे अंश नळ्यांत वाढवत नेले. २०२० मध्ये त्यांनी माणसाच्या पेशींच्या पूर्वजांशी जवळचे नाते असलेला आर्किया प्रसिद्ध केला. त्याची संख्या दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. तो एकटा मात्र वाढला नाही. तो सोडत असलेला हायड्रोजन खाऊन टाकणारा, मिथेन बनवणारा दुसरा आर्किया त्याच नळीत सोबत ठेवावा लागला.