स्विच इन्स्टॉलसाठी यूएसबी माउंट करणं

नेटवर्क स्विचवर नवीन सिस्टिम टाकायच्या आधी पेनड्राइव्ह माउंट करून घेणं, म्हणजे त्यातल्या फाइल एका फोल्डरखाली दिसतील असा जोडून घेणं, आणि स्विच इन्स्टॉल मोडला आणणं, एवढं काम या नोंदीत येतं. नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एखाददुसराच स्विच बदलायचा असला तर नेटवर्कवरून फाइल देण्यासाठी डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारा) नि वेब सर्व्हर उभा करत बसण्यापेक्षा पेनड्राइव्ह खिशात टाकून गेलेलं परवडतं.

पेनड्राइव्ह मुळात कोणाचा यावर वाद आहे. इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, सिंगापूरच्या ट्रेकने २००० साली थंबड्राइव्ह बाजारात आणला, चीनची नेटॅकही हक्क सांगते आणि चिनी पेटंट तिच्याकडेच गेलं. २००० च्याच अखेरीस अमेरिकेत आयबीएमच्या नावाने विकला गेलेला ८ एमबीचा ड्राइव्ह एम-सिस्टिम्सनेच बनवलेला, त्यामुळे आयबीएमचं नाव यात उगाच घेतलं जातं. ट्रेकचं ब्रिटिश पेटंट पुढे रद्द झालं, सिंगापूरच्या कोर्टात मात्र ट्रेक जिंकली. अर्जाची तारीख धरली तर एम-सिस्टिम्स, विक्री धरली तर ट्रेक, असं म्हणणं त्यातल्या त्यात बरं. माउंट कमांड या सगळ्यांहून जुनी, युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ती आहे.

ओपन स्विचवर, म्हणजे ज्यावर आपल्या पसंतीची सिस्टिम टाकता येते त्यावर, बहुतेक वेळा ओनी (ONIE) असतं. हे क्युम्युलस नेटवर्क्सने २०१२ च्या सुमारास बनवलेलं आणि नंतर ओपन कम्प्युट प्रोजेक्टला दिलेलं छोटं लिनक्स, त्याचं काम एकच, इन्स्टॉलर शोधून चालवणं. आधी ते जोडलेल्या डिस्कवर बघतं, मग नेटवर्ककडे वळतं. पेनड्राइव्ह फॅट किंवा ईएक्सटी२ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेला हवा आणि फाइल आतल्या फोल्डरमध्ये न टाकता एकदम वरच, ओनी-इन्स्टॉलर (onie-installer) किंवा त्यापुढे आर्किटेक्चर नि मॉडेल जोडलेल्या नावाने. एमजी रोडवरून आणलेला ६४ जीबीचा ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच देत नाही, म्हणून जुना ८ जीबीचा ड्राइव्ह जपून ठेवलेला बरा.

हाताने माउंट करायचं तर लॅपटॉपवरून स्विचला कमांड देण्यासाठी कन्सोल केबल लावायची, बॉड रेट (तिचा वेग) बहुतेक ठिकाणी ११५२००, जुन्या स्विचला ९६००. स्क्रीनवर इन्स्टॉलर शोधायचे मेसेज सारखे येत राहतात आणि टाइप केलेलं त्यात हरवतं, म्हणून आधी डिस्कव्हरी थांबवायची. मग एफडिस्क (fdisk) किंवा ब्लकआयडी (blkid) कमांडने डिस्कची यादी बघायची. इथेच नीट बघा, कारण स्विचची आतली एसएसडी बऱ्याचदा एसडीए (sda) नावाने असते आणि पेनड्राइव्ह एसडीबी (sdb), पण हे ठरलेलं नाही, तेव्हा साइज जुळवूनच पुढे जायचं. काही ड्राइव्हवर पार्टिशनच (डिस्कचा आखून दिलेला भाग) नसतं, तिथे पहिल्या पार्टिशनचं एसडीबी१ हे नाव शोधून काही मिळत नाही, सरळ एसडीबीच माउंट करावा लागतो. एमएनटी (/mnt) खाली फोल्डर करायचं, माउंट करायचं, फाइल दिसली की ओनीच्या इन्स्टॉल कमांडला तिचा पाथ द्यायचा. ओनी रॅममध्ये चालत असल्याने हे फोल्डर रिबूटनंतर उरत नाही. ओनीच्या मेनूतलं अनइन्स्टॉल आधीची सिस्टिम पुसून टाकतं, तेव्हा कॉन्फिग (स्विचची सेटिंग्ज) आधी बाहेर काढून ठेवायचं.

ओनी नसलेल्या स्विचवर रीत वेगळी. जुनिपर कंपनीच्या स्विचवरची जुनोस ही सिस्टिम मूळची लिनक्सवर नाही, फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवरची, त्यामुळे तिथे ड्राइव्ह डीए (da) नावाने दिसतो आणि माउंटची कमांडही वेगळी. सिस्कोच्या स्विचवरच्या आयओएस या सिस्टिममध्ये माउंट करावंच लागत नाही, यूएसबीफ्लॅश नावाने दिसणाऱ्या ड्राइव्हवरून थेट कॉपी होतं.