ऋषीच्या भाजीतला लाल भोपळा : परसबागेची पार्श्वभूमी

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत ऋषीची भाजी शिजते. ऋषिपंचमीच्या व्रताचा नियम असा की, त्या दिवशी बैलाच्या श्रमावर पिकलेले काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य त्यामुळे आपोआप वर्ज्य ठरते आणि उरते ते माणसाने कुदळीने आळे करून, स्वतःच्या हाताने घराजवळ वाढवलेले: अळू, सुरण, पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, लाल माठाचे देठ, लाल भोपळा आणि मक्याची कणसे. शेत आणि परस यांच्यात इतकी स्पष्ट रेघ ओढणारा दुसरा रिवाज आपल्याकडे क्वचितच सापडेल. परसबागेचा इतिहास सांगायला मी याच भाजीपासून सुरुवात करतो, कारण अत्यंत प्राचीन मानल्या गेलेल्या या ताटात लाल भोपळा आणि मका ही अमेरिका खंडातली पिके आहेत, आणि ती सोळाव्या शतकापूर्वी आपल्याकडे नव्हती.

परसातले जुने वेल वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. काकडी अस्सल इथली. तिचा रानटी, कडू पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवतो. पडवळ, दोडका आणि घोसाळे हेही याच भूभागातले. दुधी भोपळा मात्र मूळचा आफ्रिकेतला, आणि त्याचा प्रवास विलक्षण आहे. त्याचे वाळलेले फळ पाण्यावर महिनोन्‌महिने तरंगते आणि आतले बी जिवंत राहते, त्यामुळे तो कोलंबसाच्या हजारो वर्षे आधी अमेरिकेत पोहोचलेला होता. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार तो अटलांटिक महासागर वाहत ओलांडून गेला असावा. आपल्याकडे संस्कृतात त्याला अलाबू म्हणत. त्याच्याच जातीच्या मोठ्या, कडू फळांपासून कमंडलू, बी ठेवायचे तुंबे आणि वीणेचे भोपळे होत आले. मिरजेचे तंबोरे आजही पंढरपूरच्या परिसरात पिकणाऱ्या भोपळ्यांवर उभे आहेत. कूष्मांड म्हणजे कोहळा, जो आपण दारावर टांगतो आणि बळीच्या जागी फोडतो. तो आग्नेय आशियाच्या बाजूने आलेला, पण इथे इतका जुना की त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही.

लाल भोपळ्याच्या घराण्याची कथा मेक्सिकोत सुरू होते. तिथल्या ओआहाका खोऱ्यातल्या गिला नाकित्स या गुहेत सापडलेल्या, माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. त्याच गुहेतली मक्याची सर्वांत जुनी कणसे सुमारे 6,250 वर्षांपूर्वीची, म्हणजे तिथल्या माणसाने मक्याच्या कितीतरी आधी भोपळा हाती धरला. रानभोपळ्याचा गर विषारी कडू असल्यामुळे सुरुवातीला लोक फक्त बियांसाठी तो लावत असावेत आणि गोड गराची फळे पुढे निवडीतून आली. हा कडूपणा काकडी-दुधीच्या सगळ्या कुळाचा आहे. दुधी चिरण्याआधी त्याची चकती जिभेला लावून पाहायची आणि कडू निघाला तर टाकून द्यायचा, ही घरातल्या जुन्या बायकांची सवय निव्वळ चवीपुरती नाही. कडू दुधीचा रस माणसाच्या जिवावर बेतू शकतो. मेक्सिकोत पुढे मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावण्याची पद्धत रुजली: मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, तो जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरून ठेवतात. आपल्या ऋषीच्या भाजीत भोपळा आणि मक्याचे कणीस एकाच पातेल्यात पडतात, तेव्हा एकाच रानात हजारो वर्षे वाढलेले दोन सोबती अर्ध्या पृथ्वीवरून येऊन पुन्हा भेटलेले असतात.

ही पिके आपल्याकडे आणण्यात पोर्तुगीज व्यापाराचा वाटा सर्वांत मोठा होता. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतला आणि वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्या ताब्यात होती, त्यामुळे कोकणपट्टीच्या दोन टोकांना त्यांची बंदरे होती. बटाटा आणि अननस यांनी पोर्तुगीज नावेही सोबत आणली. भोपळ्याने आणली नाहीत, आणि त्याच्या इतिहासातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बटाट्यासारखे आपल्याकडे आधी काही नव्हते, म्हणून त्याला परके नाव चालले. लाल भोपळा आला तेव्हा त्याच्यासारखाच वेल, तशीच पाने आणि तशाच चपट्या बिया असलेली भावंडे परसात आधीच मांडवावर होती. लोकांनी त्याला ओळखीचे नाव दिले: कुठे तो तांबडा भोपळा झाला, कुठे डांगर, कुठे काशीफळ. विदर्भात तर त्याने कोहळ्याचेच नाव घेतले. तिथे कोहळ्याची बोंडे होतात ती लाल भोपळ्याची. जुन्या नावाखाली नवे पीक आल्यामुळे ते कधी आले याची नोंद कोणी ठेवली नाही.

मिरचीचेही असेच झाले. तिच्या तिखटपणावरून मिऱ्यांच्या नावाशी जुळणारे नाव तिला मिळाले आणि ती जणू कायमच इथली झाली. तेराव्या शतकातल्या अरणच्या सावता माळी यांच्या नावावर ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ हा अभंग आपण गातो, त्याच्या पुढच्याच चरणात ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ येते. मिरचीचे झाड तेव्हा या भूमीवर नव्हते. म्हणजे हा शब्द गाणाऱ्यांच्या तोंडी नंतर आला असावा किंवा मूळ पाठात मिऱ्यांचा उल्लेख असावा. अभंगाची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही; उलट नव्या भाजीला लोकांनी किती मनापासून आपले मानले, हे त्यातून दिसते.

नवे पीक शेताआधी परसात का शिरते, याचे उत्तर परसाच्या रचनेत आहे. शेतात चूक झाली तर वर्षाचे धान्य बुडते, म्हणून तिथे माणूस जुन्यावरच भिस्त ठेवतो. परसात चार बिया टोकून पाहायला काही लागत नाही. जागाही फार लागत नाही, कारण वेल मांडवावर, कुडावर किंवा थेट छपरावर चढवता येतो. खत म्हणून चुलीतली राख आणि गोठ्यातले शेण, पाणी म्हणून न्हाणीचे आणि मोरीचे. सांडपाण्याच्या वाटेवर अळू आणि केळ, त्यापुढे कोरड्या बाजूला वेलांची आळी, ही मांडणी कोकणातल्या परड्यांत अजूनही दिसते. कोणते बी ठेवायचे आणि कोणते शेजारी द्यायचे, हा निर्णय प्रामुख्याने बायकांचा होता. बी राखेत घोळून तुंब्यात भरत, कुठे शेणात लिंपून भिंतीवर चिकटवत आणि कुठे चुलीच्या धुरात टांगत, म्हणजे त्याला कीड लागत नसे. हे सारे कोणत्याही दप्तरात नाही. हेही सांगितले पाहिजे की परस प्रत्येकाला नव्हता. ज्याच्या घरामागे हातभर जागा आणि वर्षभर पाण्याची सोय होती, त्यालाच तो होता, आणि गावातल्या पुष्कळांना ही दोन्ही नाकारली गेली होती.

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली आणि भाजीचा बाजार घरापासून सुटा झाला. मुंबईत 1869 मध्ये क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यात 1886 मध्ये आजची फुले मंडई उभी राहिली. वसईच्या वाड्यांतून, बावखलांच्या म्हणजे वाडीतल्या लहान तळ्यांच्या पाण्यावर वाढलेली केळी आणि भाजी मुंबईला जाऊ लागली. सरकारला घरच्या बागेची आठवण झाली ती टंचाईत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रह्मदेशातला तांदूळ बंद झाल्यावर ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. पुढे 1965 च्या युद्धकाळात लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या सरकारी निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला. अलीकडे 2019 मध्ये केंद्र सरकारने शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा फरक मात्र बियाण्यात पडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोंकण श्वेता’ पडवळ आणि ‘कोंकण तारा’ कारले, राहुरीची ‘हिमांगी’ काकडी आणि ‘सम्राट’ दुधी या वाणांनी उत्पादन वाढवले, आणि ती सुधारित वाणे असल्याने त्यांचे बी घरी धरता येते. त्यानंतर आलेल्या संकरित बियाण्याचे बी धरून चालत नाही, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात. त्यामुळे बी सांभाळण्याची सवयच मोडली आणि तिच्याबरोबर घरोघरची वाणे गेली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालांची आणि वेलभाज्यांची गावरान वाणे परसात लावून, बी जमवून वाटण्याचे काम केले, त्याची दखल पुढे 2020 च्या पद्मश्रीने घेतली गेली. त्यांनी केलेले काम म्हणजे जुन्या बायका मुकाट्याने करत आलेलेच काम आहे, आणि त्याचे मोल इतक्या उशिरा कळावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

भोपळ्याचे बी धरणे वाल धरण्याइतके सोपे नाही. वालाच्या फुलात परागीकरण बहुधा आतल्या आत होते. भोपळ्याची नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि मधमाशी शेजारच्या वेलाचा पराग आणून टाकते. आपले वाण शुद्ध राखायचे असेल तर संध्याकाळी उद्या उमलणारी दोन्ही प्रकारची फुले दोऱ्याने बांधून ठेवावी लागतात, पहाटे नर फूल खुडून मादी फुलावर फिरवावे लागते आणि मादी फूल पुन्हा बांधावे लागते. त्या फुलाच्या फळाला खूण करून ते वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचे.

ऋषिपंचमीचे गणितही याच वेलांच्या दिवसांशी बांधलेले आहे. मृगात टोकलेली काकडी दीड महिन्यात लागते, दोडका आणि पडवळ त्यामागोमाग येतात, आणि भाद्रपदापर्यंत मांडव भरलेला असतो. लाल भोपळ्याला पक्के फळ व्हायला 100 ते 120 दिवस लागतात, म्हणून त्याचे बी वैशाखातच, घागरीने पाणी घालण्याची तयारी ठेवून लावावे लागते. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी नसे, त्यांच्या भाजीत मांडवावरचा कोवळा भोपळा पडे, नाहीतर गेल्या हंगामात देठासकट उतरवून माळ्यावर ठेवलेला, साल न खरचटलेला भोपळा विळीवर येई.