स्पेन म्हणजे बार्सिलोनाच? थोडं थांबा

नाशिकला गोल्फ क्लब मैदानाबाहेर चहा घेताना हे वाक्य हमखास कानावर येतं: "२०१० चा फुटबॉल वर्ल्डकप बार्सिलोना क्लबनंच जिंकला, जर्सी फक्त स्पेनची." अर्धं खरं आहे. फायनलच्या पहिल्या अकरात पुयोल, पिके, बुस्केट्स, झावी, इनिएस्ता, पेद्रो असे सहा जण बार्सिलोनाचे होते. ११६ व्या मिनिटाचा गोलही इनिएस्ताचाच.

पण कॅप्टन कासियास, रामोस, अलोन्सो रेआल माद्रिदचे. कापदेविला व्हियारेआलचा. अख्ख्या स्पर्धेतल्या स्पेनच्या आठपैकी पाच गोल स्ट्रायकर व्हियाचे. त्याला बार्सिलोनानं नुकतंच घेतलं होतं, तोवरचा हंगाम तो व्हॅलेन्सियाकडून खेळला होता. आणि २००८ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल? तिथे सुरुवातीला बार्सिलोनाचे तिघंच, गोल लिव्हरपूलच्या टोरेसचा. हे सांगितलं की कट्ट्यावर विषय लगेच क्रिकेटकडे वळतो!